पेटी घ्या, पाटी नको

खान्देशातल्या गिटारवाल्याकडे आता प्रोसेसर आहे. झूम, मूअर, न्यूक्स, व्हॅल्टन. ऐपत असेल तर बॉस किंवा लाइन सिक्स. पायाशी एक डबा आणि डब्यात डझनावारी अॅम्प्लिफायर. जळगावच्या कॉलेजातल्या पोरापासून धुळ्याच्या ऑर्केस्ट्रातल्या मुरलेल्या वादकापर्यंत सगळ्यांनी अवजड अॅम्प घरी ठेवला.

आणि हा डबा जोडतात कशाला?

होम थिएटरला.

नाहीतर ट्रॉली स्पीकरला, जो मुळात 'धम-धम' करण्यासाठीच बनवलेला असतो. मग गिटार ढोलकीसारखी वाजते आणि दोष प्रोसेसरला. तो विकायचा, दुसरा घ्यायचा, तोही त्याच ट्रॉलीला जोडायचा. पैसा असा किती वेळा जाळणार?

मग कुणीतरी जाणकार सल्ला देतो, 'स्पेशल गिटारची पॉवर्ड कॅबिनेट घे.' किंमत ऐकली की बाप म्हणतो, 'एवढ्यात ठिबक झालं असतं.' बापाचं चुकत नाही. सल्लागाराचं चुकतं.

आधी काम समजून घेऊ. प्रोसेसर नुसत्या अॅम्पची नक्कल करत नाही. अॅम्प, त्याची लाकडी पेटी, पेटीतला बारा इंची स्पीकर आणि त्यासमोरचा माईक, अशा चौघांची नक्कल करून तो तयार आवाज बाहेर देतो. 1998 साली लाइन सिक्सचा लाल पॉड आला तेव्हापासून हेच चाललंय. तयार आवाजाला पुढे काय लागतं? जे आत येईल तेच बाहेर सोडणारा स्पीकर. त्यानं स्वतःचा मीठमसाला घालायचा नाही.

असा स्पीकर आपल्या गावात कुणाकडे असतो? साउंडवाल्याकडे.

गायकाचा आवाज जसाच्या तसा पोहोचवणारा साधा दहा किंवा बारा इंची पॉवर्ड स्पीकर गिटारच्या प्रोसेसरलाही चालतो. त्यावर 'गिटार' असं लिहिलेलं नसतं, एवढंच. हेडरश आणि अल्टो ही दोन नावं घ्या. दोन्ही इनम्युझिक या एकाच कंपनीची. एका नावानं गिटारवाल्याला पेटी विकायची, दुसऱ्या नावानं साउंडवाल्याला.

पाटीचे पैसे तुम्ही का द्यायचे?

अपवाद आहेत, ते मान्य केले पाहिजेत. लाइन सिक्सची पॉवरकॅब वेगवेगळ्या गिटार-स्पीकरच्या स्वभावाची नक्कल करते. ते काम साधा स्पीकर करत नाही. पण ज्याचं बजेट वीस हजारांत आटोपायचंय त्यानं तिकडे बघून उसासे टाकू नयेत. आणि कुणाकडे जुना गिटार अॅम्प पडलेला असेल, तर प्रोसेसर त्याच्या पुढच्या इनपुटमध्ये न खुपसता मागच्या 'रिटर्न'मध्ये जोडावा, प्रोसेसरमधली कॅबिनेटची नक्कल बंद करावी. खर्च शून्य.

आता वॅट.

आठ इंची पेटी आणि जाहिरातीत 2000 वॅट! हा आकडा 'पीक'चा असतो, म्हणजे क्षणभराच्या उसळीचा. घरातल्या छोट्या पिनचा सॉकेट 6 अँपियरचा. 230 व्होल्ट गुणिले 6, झाले 1380 वॅट. त्याच सॉकेटमधून 2000 वॅट सतत कसे निघणार? शाळेतलं गणित आहे. दुकानात गेल्यावर ते का विसरायचं?

फेंडरचा ट्विन रिव्हर्ब हा जगभरच्या रंगमंचांवरचा नावाजलेला अॅम्प. किती वॅटचा? 85. तो पूर्ण उघडला तर पहिल्या रांगेतले पाहुणे खुर्च्या मागे घेतील.

आवाज नुसत्या वॅटनं वाढत नाही. वॅट दुप्पट केले की वाढतात फक्त 3 डेसिबल. आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण 10 डेसिबल लागतात, म्हणजे दहापट वॅट. खरी गोष्ट माहितीपत्रकात खाली बारीक अक्षरांत असते: एका वॅटला एक मीटरवर किती डेसिबल. एक स्पीकर 92 डेसिबलवाला, दुसरा 98. पहिल्याला 400 वॅट पाजून जेवढा आवाज निघतो, तेवढा दुसरा 100 वॅटमध्ये देतो. ही ओळ छापलेलीच नसेल तर 'सतत किती वॅट आणि जास्तीत जास्त किती डेसिबल' एवढं तरी विचारा. दुकानदार विषय बदलायला लागला, तर त्यातच उत्तर आलं.

पण मूळ प्रश्न वेगळाच आहे आणि तो कुणी विचारत नाही.

पेटी ऐकणार कोण?

लोकांना गिटार ऐकवायचं काम साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरचं. प्रोसेसरला बहुधा दोन आउटपुट असतात. एक मिक्सरला द्या, दुसरं स्वतःच्या पेटीला. लोक मिक्सरमधून ऐकतील, तुम्ही पेटीतून. मग ती पेटी सगळं मैदान हलवणारी कशाला हवी? तिनं तुमच्या दोन कानांपर्यंत पोहोचायचं, फार तर शेजारच्या ऑक्टापॅडवाल्यापर्यंत. दहा इंच पुष्कळ झाले. छोटं व्यासपीठ असेल तर आठही चालतील.

जळगावच्या संभाजीराजे नाट्यगृहात असो की पारोळ्याच्या लग्नात, हिशेब हाच. ज्याला साउंडवाला मिळतच नाही, म्हणजे गल्लीतला गणपती, कानबाईचा जागर, घरचा साखरपुडा, त्यानं बारा इंची घ्यावा. बाकीच्यांनी पैसे वाचवून चांगली केबल घ्यावी.

वजनाचंही बघा. आठ इंची पेटी साधारण नऊ किलो, बारा इंची सोळा-सतरा. धुळे ते जळगाव नव्वदेक किलोमीटर, पारोळा-एरंडोल करत, एसटीनं किंवा मोटारसायकलवर. खांद्याला गिटार, पाठीला प्रोसेसर. पेटीला वरून एक आणि बाजूनं एक अशा दोन मुठी आहेत का? स्टँडचं भोक आहे का? आडवी ठेवून मॉनिटरसारखी तिरकी करता येते का? नाहीतर आवाज घोट्यांना ऐकू येतो आणि वादक म्हणतो, 'अजून वाढव.' तीक्ष्ण सूर सरळ रेषेत जातात, ते घोट्यापासून कानापर्यंत वळून येत नाहीत.

'गिटारना आवाज कथा शे भो?' असं मागून कुणी ओरडलं की आपला हात आवाजाच्या बटणाकडे जातो. तिथेच आपण फसतो. कारण बहुतेक वेळा आवाज कमी नसतो, चुकीचा असतो.

कसा? पोरगं रात्री घरी हेडफोन लावून, हळू आवाजात सूर बसवतं. हळू आवाजात माणसाच्या कानाला खर्ज आणि तीक्ष्ण सूर कमी ऐकू येतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी हे 1933 सालीच मोजून दाखवलंय. म्हणून पोरगं दोन्ही वाढवतं. घरी झकास वाटतं. मंडपात आवाज चढला की तोच खर्ज घुमतो आणि तीच धार कान कापते. मधला भाग, जिथे गिटार खरी राहते, तो गायब.

पेटी बदलून हे सुटेल?

नाही. सगळ्यात जाड तार 82 हर्ट्झवर बोलते, म्हणून 80 ते 100 च्या खालचं कापा. ती जागा बेस आणि ढोलाची. खऱ्या गिटार-स्पीकरचा आवाज 5-6 हजार हर्ट्झनंतर झपाट्यानं उतरतो, पॉवर्ड स्पीकर मात्र 15 हजारांच्याही पुढे जातो, म्हणून 6 हजारांच्या आसपास वरूनही कापा. दोन्ही कात्र्या प्रोसेसरमध्ये फुकट आहेत. आणि सूर बसवायचे ते पेटी उभी करून, कार्यक्रमात लावणार तेवढ्याच आवाजात. शेजाऱ्यांना सांगून, दुपारी. रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आहे, तेव्हा एखाद्याच्या शेतावर जाणं उत्तम. शेत नाही असा मित्र खान्देशात सापडणं अवघड.

रात्री दहाचा नियमही ध्यानात असू द्या. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद. वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस राज्य सरकार बारापर्यंत सवलत देऊ शकतं, बस. मग आवाजाच्या राक्षसासाठी कर्ज कशाला?

आता आपल्या हवेबद्दल. परदेशी चाचण्या वाचून पेटी घेणाऱ्यांनो, त्या चाचण्या मे महिन्यात भुसावळात झालेल्या नाहीत. पारा 45 च्या वर, पत्र्याचा मंडप, मागे मखमली पडदा. पेटीतला अॅम्प तापला की स्वतःला वाचवण्यासाठी आवाज कमी करतो नाहीतर बंद पडतो. तो बिघाड नव्हे, संरक्षण आहे. पाठीची जाळी पडद्याला चिकटवू नका, पाठ उन्हात ठेवू नका. जनरेटरवर व्होल्टेज खाली-वर होतं, म्हणून 100 ते 240 व्होल्टवर आपोआप चालणारी पेटी मिळाली तर आधी तीच उचला. रंग नंतर बघा.

आणि अर्थिंग. इथे मी कुणाचंच ऐकून घेणार नाही.

पेटीतून घरघर आली की मंडपातला कुणीतरी हुशार पुढे येतो आणि तीन पिनांतली अर्थिंगची पिन काढून टाकतो. किंवा दोन पिनांचा जोड लावतो. घरघर थांबते, सगळे खूश. आता गिटारच्या तारा बघा. त्या प्रोसेसरमधून पेटीच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. पिन काढली, पेटीत बिघाड झाला, तर तारांवर वीज येऊ शकते. गायकाचा माईक दुसऱ्याच लाइनवर. वादकाची बोटं तारांवर, ओठ माईकवर. मधून वीज वाहते ती माणसाच्या छातीतून.

घरघर थांबली म्हणून टाळ्या वाजवायच्या?

अशा झटक्यानं माणसं मेली आहेत. घरघर घालवायचा मार्ग सरळ आहे. प्रोसेसर, पेटी आणि मिक्सर एकाच बोर्डावरून घ्या. मिक्सरकडे तीन पिनांची बॅलन्स्ड केबल वापरा. तरी घरघर आली तर प्रोसेसर आणि मिक्सरच्या मध्ये डीआय बॉक्स लावून त्यावरचं 'ग्राउंड लिफ्ट' दाबा; ते केबलमधला दुवा तोडतं, विजेची अर्थिंग तशीच राहते. डीआय बॉक्सला 'नंतर बघू' म्हणणाऱ्यानं पेटीचा एक इंच कमी करावा, पण तो घ्यावा. आयोजकांनो, मंडपाच्या कमानीवर एवढा खर्च करता, अर्थिंगची तांब्याची तार काय महाग पडते?

दुरुस्तीचा मुद्दा थोडक्यात. पेटी आज ना उद्या बिघडणारच. अमळनेरला लग्न आणि पेटी मुंबईच्या सर्व्हिस सेंटरात, असं होऊ द्यायचं नसेल तर खरेदीआधी आपल्या गावच्या दुरुस्तीवाल्याला विचारा: याचा कोन बदलता येतो का? कॉइल मिळते का? आतला अॅम्पचा बोर्ड सुटा मिळतो का? अहुजा किंवा स्टुडिओमास्टरची पेटी त्याच्या हातून गेलेली असते. परदेशी नावाची चकचकीत पेटी त्यानं आयुष्यात उघडलेली नसते. स्वस्त कोणती, हे किमतीच्या चिठ्ठीवर कळत नाही; पहिल्या बिघाडाला कळतं.

ऑनलाइन सूट बघून डोळे झाकून मागवू नका. चांगल्या ओळखीच्या साउंडवाल्याकडून त्याची पेटी एका संध्याकाळपुरती भाड्यानं घ्या, स्वतःचा प्रोसेसर लावा, वाजवा. पटली तर तीच विकत घ्या.

दुकानात जाणार असाल तर आपली गिटार, आपला प्रोसेसर, आपली केबल घेऊन जा. आधी काहीच न वाजवता आवाज वाढवून फुसफुस किती येते ते ऐका. मग पाठ असलेलं एखादं गाणं लावा. गायकाचा आवाज ओळखीचा वाटला नाही तर पेटी खोटं बोलतेय. मग गिटार लावून दहा पावलं मागे जा आणि मित्राला वाजवू द्या. दुकानदार म्हणाला, 'जोडून दाखवत नाही', तर वाद घालू नका. पुढच्या दुकानात जा.