कोरियावाले काका

लातूरच्या ट्यूशन एरियात झेरॉक्सच्या दुकानांना तोटा नाही. त्यातल्या एखाद्या दुकानात रात्री नऊनंतर, ‘नीट’च्या नोट्सचे गठ्ठे बांधून झाले की, गल्ल्यावरचा पन्नाशीचा गृहस्थ मोबाइल स्टेपलरला टेकवून उभा करतो, कपाळावरचा चष्मा नाकावर घेतो आणि एकटाच खिदळायला लागतो. पडद्यावर तेवढ्यात कुणाचा तरी मुडदा पडलेला असतो. हेच ते कोरियावाले काका. नांदेडलाही असे सापडतात.

हा नाद त्यांना गिऱ्हाइकांनी लावला. बीटीएस या कोरियन बँडच्या सात पोरांचे रंगीत प्रिंट काढून काढून काकांनी शेवटी विचारलं, “काय करतात गं हे?” बायोलॉजीवाल्या पोरींनी गाण्यांऐवजी ‘ट्रेन टू बुसान’ (2016) हाती दिला. काका घाबरले, पण नुसत्या घाबरण्यात त्यांचं मन रमेना. ‘एक डाव भुताचा’ (1982) आणि ‘झपाटलेला’तला तात्या विंचू पाहून वाढलेला माणूस, भुतानं घाबरवता घाबरवता हसवलंही पाहिजे, ही त्यांची जुनी अपेक्षा.

ती पुरी केली ‘द ऑड फॅमिली: झॉम्बी ऑन सेल’ या 2019च्या सिनेमानं. काकांनी तो पाहिला, असं म्हणणं अपुरं आहे. चहाच्या टपरीवर सांगून झाल्याशिवाय त्यांचा कुठलाच पिक्चर पाहून होत नाही. “गाव म्हणजे आपल्या फाट्यावरचंच. म्हाताऱ्याचा मोडका पेट्रोल पंप. थोरला असला बेरकी, रस्त्यावर गाड्या बिघडायची सोय करून ठेवूलालाय आन् दुरुस्तीला डबल घेऊलालाय. तिथं येतंय एक झॉम्बी. ते चावलं म्हाताऱ्याला. म्हातारं मरंल का नाही? उलट तरणंबांड झालं! मग काय, गावातले सगळे म्हातारे पैसे घेऊन रांगेत. चाव म्हणूलालेत!” इथं काका थांबतात, बशीत चहा ओततात. ऐकणाऱ्यांतले दोन-तीन ज्येष्ठ नागरिक, विनोद कळल्याचं न दाखवता, पुढं सरकतात.

कोरियन नावं काकांच्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून सगळी पात्रं थोरला, धाकला, म्हातारं, सूनबाई. पण “हे सगळे सारखेच दिसतात” असं कुणी म्हटलं की काकांचा पारा चढतो. किम जी-वून या दिग्दर्शकाचा पहिला चित्रपट ‘द क्वाएट फॅमिली’ (1998) ते लगेच उघडून दाखवतात. “हा ‘पॅरासाइट’मधला बाप. हा ‘ओल्डबॉय’वाला. इथं दोघं एकाच घरात. आता सांग, सारखे दिसतात?” त्या सिनेमात एक कुटुंब डोंगरात लॉज काढतं आणि आलेलं गिऱ्हाईक मरतं. पोलिसांत जावं तर धंदा बसणार, म्हणून मुडदा पुरायचा. पुढचं गिऱ्हाईकही मरतं.

काकांचा सिद्धांत इथून सुरू होतो, आणि तो पोकळ नाही. इंग्रजी सिनेमात भूत दिसलं की माणसं किंचाळतात. कोरियन घरातली माणसं आधी हिशेब करतात. भीती भुताची नसते, हप्त्याची असते. पुरावा म्हणून ते जपानलाही जाऊन येतात. ‘क्वाएट फॅमिली’वरून ताकाशी मिइकेनं 2001 मध्ये ‘द हॅपिनेस ऑफ द काताकुरीज’ केला, तोही गाण्यांसकट. त्यातल्या बापानं, रस्ता आपल्या दारात येणार म्हणून आडरानात घर घेऊन लॉज टाकलेला असतो. रस्त्याचा पत्ता नाही. समृद्धी महामार्गाचा जालना-नांदेड जोडरस्ता जाहीर झाल्यापासून नकाशे घेऊन हिंडणारे प्लॉटवाले ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे भूत वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

गावच्या भुतांवर मात्र काका विनोद करत नाहीत. भानामतीच्या नावाखाली मराठवाड्यात बायाबापड्यांनी काय सोसलं, हे त्यांच्या पिढीनं ऐकलंय. 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तिचं नाव घालावं लागलं. कोरियाचं भूत परवडतं, कारण ते भावकीतलं नसतं.

रात्री अकराला नांदेडचे दाजी फोनवर येतात. दाजींना हा नाद काकांनीच लावला, आता तेच वरचढ झालेत. सध्या दोघांचं काम एकच: ‘ऑड फॅमिली’ मराठीत करायचा. आदित्य सरपोतदारनं ‘झोंबिवली’ (2022) डोंबिवलीत घडवला, मग लातूर-नांदेड रोडनं काय घोडं मारलंय? म्हाताऱ्याला मकरंद अनासपुरे, यावर एकमत. थोरला रितेश देशमुख. तो बाभळगावचा, त्यामुळं दाजींना पक्षपाताचा वास येतो.

“पाव्हणं, पंप लोह्याजवळ दाखवा.”

“चाकूरच्या अलीकडं, दाजी. तिथून हलायचं नाही.”

खरी अडचण झॉम्बीच्या जेवणाची आहे. मूळ सिनेमात तो कोबी खातो. लातूर म्हणजे सोयाबीनची बाजारपेठ, तेव्हा त्यानं सोयाबीनच्या रानात शिरावं, असं काकांचं म्हणणं. दाजी अर्धापूरच्या केळीवर अडून बसलेत. काकांनी अर्धी माघारही घेतली; पण झॉम्बीला केळं सोलून कोण देणार, यावर पटकथा महिनाभर अडली आहे.