सव्वा सूत

दुधाच्या दाताचं माप म्हणजे शेजारच्या दातांना टेकणाऱ्या दोन बाजूंमधली रुंदी, जिथे जास्तीत जास्त भरेल तिथली. दंतवैद्य त्यासाठी तोंडाचा ठसा घेऊन प्लास्टरचा साचा ओततात आणि निवांत मोजतात. असले लाड आम्हाला ठाऊक नाहीत. भोसरीच्या टूलरूममध्ये हयात गेली. जॉब मशीनवर असतानाच माप घ्यायची सवय. नातीचा खालचा पटाशीचा दात हलू लागला तसा मी कपाटातून व्हर्नियर काढला, स्पिरिटने पुसला आणि म्हटलं, "आ कर."

व्हर्नियरबद्दल मला थोडक्यात बोलता येत नाही. प्येर वेर्निए या फ्रेंच गृहस्थाने १६३१ साली ही युक्ती मांडली. म्हणजे बघा, शिवनेरीवर बाळराजांना तेव्हा दुधाचे दात येत असणार! मुख्य पट्टीवरचे ४९ मिलिमीटर सरकपट्टीवर ५० भागांत वाटले, की प्रत्येक भाग ०.०२ ने आखूड पडतो आणि डोळ्याला न दिसणारा फरक रेघेला रेघ जुळून दिसतो. हल्लीच्या पोरांना आकडे दाखवणारा डिजिटल लागतो. सेल संपला की विद्या संपली.

इथला जॉब ओला होता, हलत होता आणि गुदगुल्या होऊन मध्येच हसत होता. तरी मी जाहीर केलं, "४.१२ मिलिमीटर!" बायको गवार निवडत होती. तिचे वडील सुतारकाम करायचे. मान वर न करता म्हणाली, "म्हणजे सव्वा सुताला केसभर जास्त." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. मी गुपचूप गुणाकार करून पाहिला. बरोबर होतं.

मी मात्र वही घातली. वर ठळक अक्षरांत: 'आमच्या घराण्याचे दात'.

वहीमागे एक जुना राग होता. एका लग्नात कुणा बाईंनी पोरीची हनुवटी धरून सगळ्यांदेखत म्हटलं होतं, "अगं बाई, दातांत केवढ्या फटी!" तेव्हापासून पोर फोटोत ओठ मिटून उभी राहते. अहो, फटी हव्यातच! वरचा पुढचा दुधाचा दात साधारण साडेसहा मिलिमीटर, त्याच्या जागी येणारा साडेआठ. वरचे चार पटाशीचे मिळून सात-साडेसात मिलिमीटर जादा जागा मागतात. फटी नसतील तर ते उभे कुठे राहणार? मागे याच्या उलट. दुधाच्या दाढा त्यांच्या जागी येणाऱ्या उपदाढांपेक्षा रुंद, त्यामुळे तिथे थोडी जागा सुटते. इतका चोख क्लिअरन्स मी कुठल्या असेंब्लीत पाहिला नाही, आणि बाई त्याला खोट म्हणतात. सहा वर्षांच्या मुलीचं हसू कुणी जाता जाता बंद करून जावं आणि आपण वर "जेवलात ना?" विचारावं? मी विचारलं. वरपक्षाकडच्या होत्या.

पोरीला हे सगळं आरशासमोर बसवून समजावलं. तिला बाकीचं किती कळलं कोण जाणे, पण आता कुणी तोंडाकडे पाहिलं की ती ठणकावून सांगते, "तो क्लिअरन्स आहे."

परवा वही उलटताना तिला माझा रकाना कोरा दिसला. व्हर्नियर उचलून म्हणाली, "आता तुमचे."

"आ करू?"

"नको. कवळी काढूनच द्या ना आजोबा, म्हणजे जॉब हलणार नाही."