लिहून ठेव!

आमच्याकडे भविष्य सांगायची एक ठरलेली रीत आहे. चहाचा घोट घ्यायचा, कप बशीत ठेवायचा आणि म्हणायचं, "लिहून ठेव!" हे सरकार दिवाळी बघत नाही, लिहून ठेव. यंदा पाऊस झोडपून काढणार, लिहून ठेव. कुणीही लिहून ठेवत नाही. ठेवणार नाही याची दोन्ही बाजूंना खात्री असते, म्हणून तर ते इतक्या ठसक्यात म्हणता येतं.

काही चिकट माणसांनी मात्र खरंच लिहून ठेवलं. १९७३ मध्ये पॉल स्लोविक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने घोड्यांच्या शर्यतींचे आठ मुरलेले जाणकार बसवले. त्यांना आधी पाच बाबींची माहिती दिली, मग दहा, वीस आणि शेवटी चाळीस. पाच बाबी हाती असताना जिंकणारा घोडा बरोबर ओळखायचं प्रमाण होतं सुमारे १७ टक्के, आणि स्वतःबद्दलची खात्री १९ टक्के. म्हणजे आपण किती पाण्यात आहोत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं! चाळीस बाबी दिल्यावर अंदाज होता तिथेच राहिला. खात्री मात्र तिशीच्या पुढे गेली. घोडे जागच्या जागी, जाणकार उधळलेले.

आपल्याकडे लिहून ठेवायचं धाडस करतं ते हवामान खातं. पुण्यात ज्याला आपण सिमला ऑफिस म्हणतो, ते. १९८८ पासून तिथे वसंत गोवारीकर आणि सहकाऱ्यांचं सोळा घटकांचं मॉडेल वापरात होतं. हिमालयातला बर्फ, एल निनो, कुठले कुठले हवेचे दाब, सगळं त्यात. बरीच वर्षं ते बरं चाललं. मग आलं २००२. अंदाज सरासरीच्या १०१ टक्क्यांचा, पडला ८१ टक्के. पुढच्या वर्षी खात्याने नवी मॉडेलं आणली. त्यांत घटक होते आठ आणि दहा. माहिती कमी करून शहाणं होता येतं, हे मान्य करायला सरकारी खात्याला एकच वर्ष लागलं, ही माझ्या मते कौतुकाची गोष्ट. आपण त्यांच्यावर विनोद करतो, पण चूक सापडली ती आकडा छापला होता म्हणून. पारावरच्या तात्यांनी २००२ साली काय सांगितलं होतं, आठवतंय कुणाला?

मग अनुभव काय फुकट? छे. मंगल कार्यालयातला जुना आचारी बघा. यजमान पाचशे पानं सांगून मोकळे झालेले असतात. हा अकरा वाजता पंच्याला हात पुसत दाराशी येतो, चपलांच्या ढिगावर एक नजर टाकतो आणि आत ओरडतो, "चारशे! पुढचे तांदूळ धुऊ नका." त्याचा निकाल त्याच दुपारी पातेल्याच्या तळाशी लागतो. भात उरला तर यजमान डोळे वटारतात, संपला तर वरमाय. अशा कितीतरी दुपारी बोलणी खाऊन ती नजर तयार झालेली असते. तात्यांना बोलणी कोण देणार? सरकार पडलं नाही, तर ते "पडायलाच आलं होतं" म्हणून मोकळे.

अर्थात आचाऱ्यालाही फार चढवू नये. शेवटची पंगत उठली, पान लावून तो जरा टेकला, की आमदार कोण होणार ते मतांच्या फरकासकट सांगतो.