टेपभाऊ

डॅलसहून प्रेस्टन रोडने उत्तरेला निघालं, की फ्रिस्को, प्रॉस्पर, सेलिना अशी गावं लागतात. परवापरवापर्यंत इथं गायी चरत होत्या, आता घरं उगवतात. संध्याकाळी सहाच्या सुमारास या अर्ध्यामुर्ध्या घरांच्या ओळीत एक माणूस हमखास दिसतो. ऑफिसचं ओळखपत्र अजून कमरेला, बुटांना शेरभर चिखल, हातात मोजपट्टी आणि मनगटात बांगडीसारखा अडकवलेला निळ्या चिकटपट्टीचा रोल. हे टेपभाऊ. आमच्या वसाहतीतले कराडचे आहेत, शेजारच्या वसाहतीतले नाशिकचे. गाव बदलतं, मनगट तेच.

भाऊंच्या वडिलांनी, म्हणजे दादांनी, कराडला घर बांधलं तेव्हा भाऊ आठवीत होते. शाळेत जाण्याआधी स्लॅबवर पाणी मारायचं, हे त्यांचं काम. दादा रजा काढून साइटवर बसत, गवंड्यांना दोनदा चहा पाजत आणि तिसऱ्यांदा भिंत पाडायला लावत. त्या घराचं कौतुक ते आजही एकाच वाक्यात करतात : ‘माझ्या डोळ्यांदेखत झालंय.’ जे डोळ्यांदेखत झालं नाही ते घर कसलं, हा संस्कार घेऊन भाऊ टेक्सासात आले. इथल्या बिल्डरचं मत नेमकं उलटं. मालकानं सह्या कराव्यात आणि थेट किल्ली घ्यायला यावं.

भाऊ दुसऱ्याच दिवशी आले.

पहिला धक्का लाकडानं दिला. इथल्या घराचा सांगाडा लाकडी, आणि त्यातल्या फळीचं नाव ‘टू बाय फोर’. भाऊंनी मोजली, तर दीड इंच बाय साडेतीन. त्यांनी मुकादमाला गाठलं. बिल्डर त्याला प्रोजेक्ट मॅनेजर म्हणतो, पण भाऊंच्या लेखी तो मुकादम. लाकूड वाळवून, रंधा मारून एवढंच उरतं आणि देशभर असंच चालतं, असं त्यानं शांतपणे सांगितलं. भाऊंना पुण्यातल्या फ्लॅटचा व्यवहार आठवला. घरी येऊन वहिनींना म्हणाले, “अगं, इथं लाकूडसुद्धा सुपर बिल्टअपनं विकतात!”

मग विटा चढू लागल्या आणि भाऊंचा जीव भांड्यात पडला. पण तो फार वेळ भांड्यात राहिला नाही. विटा घराला नुसत्या बाहेरून नेसवलेल्या होत्या. मध्ये इंचभर पोकळी, आणि भार सगळा आतल्या लाकडावर.

“म्हणजे विटा काढल्या तरी घर उभं राहील?”

“राहील.”

“आणि लाकूड काढलं तर?”

मुकादमाला एकदम दुसऱ्या साइटची आठवण झाली.

त्या विटांच्या तळाच्या थरात थोड्याथोड्या अंतरावर एकेका सांध्यात माल भरलेला नव्हता. कामचुकारपणा! भाऊंनी ओणवं होऊन घराला प्रदक्षिणा घातली आणि तेवीस फटींवर तेवीस निळ्या पट्ट्या डकवल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, की फटी मुद्दाम ठेवलेल्या असतात. विटांमागे झिरपलेलं पाणी तिथून बाहेर पडतं. बुजवल्या तर आतलं लाकूड कुजतं. भाऊंनी बावीस पट्ट्या काढल्या. तेविसावी ठेवली. म्हणाले, “ही जरा जास्तच रुंद आहे.”

खरं तर ही निळी पट्टी रंगाऱ्यांची. काढली तरी भिंतीचा रंग उचलत नाही, एवढाच तिचा गुण. किल्ली देण्याआधी बिल्डर मालकाला घरभर फिरवतो, आणि जिथं खोट दिसेल तिथं मालकानं ही पट्टी लावायची. फुगलेला खिळा, ओघळलेला रंग, कपची उडालेली फरशी. साधा मालक पाच-पंचवीस पट्ट्यांत आटोपतो. आमच्या भाऊंनी दोन रोल संपवले. मोबाइलचा टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा धरला, की सपाट भिंतीवरही सह्याद्री दिसतो, हा शोध त्यांना लागला होता. जमिनीचा उतार मुलाच्या गोटीनं तपासला. दाराच्या चौकटीला दादांची जुनी पितळी पाणसळ लावली. मुकादमानं लेझर काढून चौकट सरळ असल्याचं सिद्ध केलं. भाऊ म्हणाले, “तुमच्या किरणाबद्दल आदर आहे. पण बुडबुडा खोटं बोलत नाही.”

संध्याकाळी घर बाहेरून पाहिलं, तर आत कुणी निळ्या पताका लावल्यात असं वाटे.

वहिनींचा मोर्चा वेगळ्या आघाडीवर होता. बिल्डरच्या डिझाइन सेंटरमध्ये पांढऱ्या रंगाचेच इतके नमुने निघाले, की त्यांनी इंग्रजी नावं सोडून स्वतःची ठेवली : दूध, साय, दही, ताक आणि ‘कालचं ताक’. दिवाणखाना साय झाला, स्वयंपाकघर ताक. फोडणीचा धूर ओट्यावरच घुमवून परत नाकात सोडणारी चिमणी घरासोबत फुकट होती. तो धूर खरोखरच घराबाहेर टाकणारीला वेगळे पैसे. वहिनींनी ते एका शब्दाची घासाघीस न करता दिले. भाऊंनी कमोडशेजारी विजेचा प्लग मागितला, पुढेमागे विजेवर चालणारा पाण्याचा फवारा बसवता यावा म्हणून. बिल्डरच्या बाईंनी तीनदा विचारून खात्री केली, की तो फोन चार्ज करायला नाही.

आता वाटेल, की असा मालक कामगारांच्या डोक्यावर बसत असेल. उलट, कामगार त्याचीच वाट पाहत. बहुतेक जण स्पॅनिश बोलणारे. भाऊंना स्पॅनिशचे दोन शब्द येत, ‘अमिगो’ आणि ‘आग्वा’. गाडीच्या डिकीत थंड पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन ते फिरत, आणि टेक्सासच्या उन्हात तेवढं व्याकरण पुरे होई. दादांच्या चहाचं हे टेक्सासातलं रूप.

वास्तुशांतीला दादा आणि आई आले. आईंनी न्हाणीघरात पाऊल टाकलं आणि विचारलं, “मोरी कुठाय?” अमेरिकन न्हाणीघराच्या जमिनीला पाणी जायला वाटच नसते. शॉवरखाली काय सांडेल तेवढंच. बादलीभर पाणी ओतून फरशी धुण्याची सोय नाही म्हटल्यावर आईंनी अख्ख्या घराला नापास केलं. भाऊंनी तिथंही एक पट्टी लावली. मुकादम आल्यावर म्हणाले, “आई म्हणतेय.”

दादा काही बोलले नाहीत. ते भिंतीभिंतीवर बोटानं टकटक करत फिरले. अर्ध्या इंचाचा जिप्समचा पत्रा, त्यामागे पोकळी. “पोकळ आहे,” एवढंच म्हणाले. गणपतीची जड तसबीर टांगायची, तर आतल्या फळीतच खिळा जायला हवा, आणि फळ्या सोळा-सोळा इंचांवर. भाऊ लोहचुंबक घेऊन भिंतीवरून फिरवत आतल्या स्क्रूंचा माग काढू लागले. दादा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, “देव टांगायला भिंत शोधावी लागते, असं घर पहिल्यांदा बघतोय.”

होमाच्या दिवशी आणखी एक अडचण निघाली. घरातले धुराचे भोंगे एकमेकांना जोडलेले. एक वाजला, की सगळे वाजणार. भाऊंनी भोंग्याभोंग्याला प्लास्टिकची पिशवी घातली आणि निळ्या पट्टीनं बांधली. माळ्यावरचा एक राहिला. ऐन आहुतीला सारं घर एका सुरात किंचाळलं. गुरुजी न थांबता मंत्र म्हणत राहिले, त्यामुळे आईंना तो विधीचाच भाग वाटला. धूर विरताच भाऊंनी शिडी लावून सगळ्या पिशव्या स्वतः उतरवल्या.

संध्याकाळी दादा मागच्या अंगणात उकिडवे बसले होते. गवताचे गालिचे अजून अंथरायचे होते. त्यांनी मूठभर माती उचलली, चिमटीत मळली आणि त्या दिवसातलं पहिलं लांब वाक्य बोलले, “अरे, ही तर आपली काळी माती. कापसाची. उन्हाळ्यात भेगाळते, पाऊस पडला की फुगते. हिच्यावर घर उभं केलंस?”

भाऊंनी सांगितलं, की खालच्या स्लॅबमध्ये पोलादी तारा आहेत आणि काँक्रीट घट्ट झाल्यावर त्या ताणून बांधतात. तरी उन्हाळ्यात माती आक्रसून पायापासून सुटू नये, म्हणून घराच्या कडेकडेनं नळी फिरवून पाणी द्यावं लागतं.

“म्हणजे पाणी मारावं लागतं?”

“हो. दर उन्हाळ्यात.”

दादा काही बोलले नाहीत. पण आत जाताना भिंतीवर टकटक केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला भाऊंना पाण्याच्या आवाजानं जाग आली. कुठं तरी पाइप फुटला, या धसक्यानं ते निळी पट्टी घेऊन धावले. बाहेर दादा. धोतर खोचलेलं, हातात बागेची नळी, आणि घराच्या कडेनं एकेक वीत सरकत पाण्याची धार. तेविसावी फट त्यांनी बरोबर चुकवली होती.

“दादा, तुम्ही कशाला? मी करतो ना.”

“तू झोप जा,” दादा म्हणाले. “मी आहे साइटवर.”