उभ्या गाडीचा मानपान

उभ्या गाडीला वळसा घालायची विद्या मी पुण्यात शिकलो. लक्ष्मी रोडवर माल उतरवणारा टेम्पो असो की स्टॉप सोडून भलतीकडेच थांबलेली बस, ती हलायच्या आत पुढे सटकायचं, एवढा एकच नियम. डावीकडून की उजवीकडून, ते जागा बघून ठरवायचं. एवढ्या शिदोरीवर मी न्यू जर्सीत स्टिअरिंग धरलं.

तिथल्या लायसन्सच्या मॅन्युअलमध्ये मात्र प्रत्येक उभ्या गाडीचा मानपान वेगळा. स्कूल बस लाल दिवे लुकलुकवत थांबली, की किमान २५ फुटांवर थांबायचं, समोरून येणाऱ्यानेसुद्धा. मध्ये दुभाजक असेल तर पलीकडच्यांनी ताशी १० मैलांनी जायचं. कडेला पोलिस, अ‍ॅम्ब्युलन्स किंवा टो ट्रक दिवे लावून उभा असेल, तर त्याच्या शेजारची लेन मोकळी सोडायची; ते जमण्यासारखं नसेल तर वेग कमी करायचा. या लेन सोडायच्या नियमामागेही एक गोष्ट आहे: दक्षिण कॅरोलायनात १९९४ मध्ये अपघाताच्या जागी मदत करणाऱ्या जेम्स गार्सिया या पॅरामेडिकलाच एका गाडीने उडवलं. तो वाचला, कायद्याच्या मागे लागला आणि १९९६ मध्ये तिथे अमेरिकेतला असा पहिला कायदा झाला. आता तो सगळ्या राज्यांत आहे.

कळस म्हणजे आइस्क्रीमचा ट्रक. तो लाल दिवे लावून, स्टॉपची पाटी बाहेर काढून उभा असेल, तर रस्ता ओलांडणाऱ्याला आधी वाट द्यायची, पोरांवर नजर ठेवायची आणि ताशी १५ मैलांच्या आतच पुढे जायचं. मी आजवर कुल्फीवाल्यासमोर थांबलो होतो ते फक्त कुल्फीसाठी.

हे सगळं पाठ करून माझा पार वारकरी झाला: दिसेल त्याच्या पाया पडायचं. टपालाची गाडी घराघरासमोर थांबते. ती थांबली की मी थांबायचो, ती हलली की मी हलायचो. अख्खी गल्ली संपल्यावर बायकोने विचारलं, "अहो, पत्रं आपणच वाटायची आहेत का?" मेव्हण्याकडे सत्यनारायणाला जाताना टो ट्रक दिसला. एक लेन सोडायची, तिथे मी हात सैल करून तीन सोडल्या. त्यात एक्झिट गेला. पुढून वळून पोचेपर्यंत आरती उरकली होती.

मग एकदा फर्निचरचा ट्रक कडेला चारी इंडिकेटर लावून उभा दिसला. मी चोख २५ फूट मागे, लेनच्या मधोमध थांबलो. थोड्या वेळाने माझ्या मागे लाल-निळे दिवे चमकू लागले.

"गाडी बंद पडली का?" पोलिसाने विचारलं.

"नाही. त्यांच्यासाठी थांबलोय," मी ट्रककडे बोट दाखवलं. ट्रकचा ड्रायव्हर निवांत सँडविच खात होता. पोलिसाने मला गाडी शोल्डरवर घ्यायला लावली आणि माझे कागद घेऊन तो आपल्या गाडीत जाऊन बसला.

त्याचे दिवे चालूच होते. मागून येणारी एकेक गाडी वेग कमी करी, पलीकडच्या लेनमध्ये सरके आणि अदबीने निघून जाई. एवढा मान मला स्वतःच्या वरातीतही मिळाला नव्हता.

"बघ, कसे नियम पाळतात लोक!" मी कौतुकाने म्हणालो.

"हो," बायको म्हणाली, "आणि पुढेही जातात. तेवढं जरा बघून ठेवा."