मे महिन्यातलं पाचारण

आमच्या ख्रिस्ती मंडळीत तरुण मुलाच्या बाबतीत तीन गोष्टी संभवतात: नोकरी लागते, लग्न ठरतं, नाहीतर पाचारण होतं. पहिल्या दोन कुणाच्याही नशिबी असतात. तिसरी ज्याच्या वाट्याला येते, तो रविवारी पुढच्या बाकावर बसू लागतो आणि सुस्कारे टाकतो. मी कॉलेजात होतो तेव्हा पाचारण झालं ते मला नव्हे, आमच्या पप्पांना. परीक्षा संपवून मी पंख्याखाली आडवा पडून जीवनाचा अर्थ शोधत होतो, ते त्यांना बघवेना. सुट्टीतल्या बायबल शाळेसाठी, म्हणजे व्हीबीएससाठी, नेवासे तालुक्यातल्या एका गावाला स्वयंसेवक हवे होते. पप्पांनी माझं नाव परस्पर देऊन टाकलं.

नेवासे, आणि तेही मे महिन्यात! अमेरिकन मराठी मिशनचे लोक 1813 साली मुंबईत उतरले, 1831 साली त्यांनी नगरला ठाणं केलं, हे आम्ही संडे स्कूलपासून ऐकत आलो. पण ऊन तापलं की ही गोरी मंडळी हवापालटाला महाबळेश्वर गाठत. मिशनकार्याची ही उज्ज्वल परंपरा आमच्या पिढीपर्यंत मात्र कुणी पोहोचवली नाही.

व्हीबीएसचं मूळही गमतीचं आहे. 1898 मध्ये न्यूयॉर्कमध्ये हॉज नावाच्या बाईंनी सुट्टीत रस्त्यावर हुंदडणाऱ्या पोरांसाठी अशी शाळा भरवली, ती चक्क भाड्याने घेतलेल्या दारूच्या गुत्त्यात. ही माहिती मी मोठ्या उत्साहाने गावच्या पाळकसाहेबांना पुरवली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "हे शेवटच्या दिवशी साक्षीत सांगू नका."

पुण्याच्या प्रशिक्षणात आम्ही कृतिगीतं आणि क्रेप कागदाची फुलं शिकलो होतो. 'मुलांच्या पातळीवर उतरून शिकवा' असं पुस्तिकेत ठळक छापलेलं होतं. सुरुवात दावीद आणि गल्याथापासून. मी पुठ्ठ्याची गोफण वर धरली. समोर बसलेली पोरं ज्वारी दाण्यात आली की माळ्यावर उभी राहून पाखरं हाकणारी. ती एकमेकांकडे बघून खुसखुसली. "दादा, ह्यानं चिमणीबी उडायची नाही," एक जण म्हणाला आणि घरून खरी गोफण घेऊन आला. दावीद कुणी व्हायचं यावर भांडणं झाली. गल्याथ कोण, हे मात्र माझ्या उंचीकडे बघून एकमताने ठरलं. मी ओट्याआड उडी घेतली आणि धोंडा पाळकसाहेबांच्या पत्र्यावर गेला. आतून पाळकीणबाईंचा आवाज आला, तसा इस्राएल आणि पलिष्टी दोन्ही पक्षांनी मिळून पळ काढला.

नंतर आलं हरवलेलं मेंढरू. शंभरातलं एक चुकतं, मेंढपाळ नव्व्याण्णव रानात ठेवून त्याच्यामागे जातो. मी डोळे मिटून सांगत होतो. उघडले तर धनगराचा एक पोरगा हात वर करून उभा.

"नव्व्याण्णव कुणाच्या हवाली केली?"

"रानातच ठेवली."

"आन् लांडगा आला म्हंजे? माझ्या बापानं असं केलं तर आज्जा त्याला घरात घ्यायचा न्हाई."

पुस्तिकेत लांडगा कुठेच नव्हता. मी पानं चाळत राहिलो. दारात तांदूळ निवडत बसलेल्या पाळकीणबाई मान वर न करता म्हणाल्या, "का रे, एक मेंढी घरी आली नाही तर तुझी आजी जेवते का?"

"न्हाई. कंदील घिऊन बाहीर पडती."

"मग देवाचंही तसंच. बस खाली."

पोरगा बसला. सेमिनरीतून पदव्या घेऊन आलेल्यांची प्रवचनं मी पुढे पुष्कळ ऐकली. हा दाखला इतक्या कमी शब्दांत कुणी संपवला नाही. प्रवचन संपवणं ही मुळात आमच्याकडे दुर्मीळ देणगी आहे.

आमच्या इंग्रजी चालींच्या कृतिगीतांना पोरं शिष्टाचार म्हणून हात हलवायची. टाळ-पेटी काढून नारायण वामन टिळकांचं भजन लागलं की मात्र ओट्यावरची म्हातारीही डोलायची. ज्ञानेश्वरी ज्या मुलखात सांगितली गेली तिथे गिटार घेऊन जाणाऱ्याने हे आधीच ओळखायला हवं, असं माझं आता मत आहे.

जीवनाचा अर्थ तेवढा राहून गेला. सकाळी टँकर यायचा, तेव्हा स्वयंसेवकांनी हंडे भरायचे, मग हजेरी, मग बिस्किटांचं वाटप, मग त्याच बिस्किटांवरून मारामाऱ्या. रात्री अंगणात टेकलं की अर्थाआधी झोप यायची.

सांगतेला साक्षी झाल्या. माझ्या जोडीदाराने आपल्याला या गावाचं ओझं लागल्याचं भरल्या गळ्याने सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने ओझं तिथेच ठेवून तो पुण्याला निघाला. मीही त्याच गाडीत होतो. साक्षींच्या वेळी पाळकीणबाईही उभ्या राहिल्या होत्या आणि म्हणाल्या, "पोरं रोज आली, पाणी पुरलं, कुणाला ऊन लागलं नाही. प्रभूचे आभार." आणि सरबत ढवळायला गेल्या. उरलेले अकरा महिने त्या गावात आजाऱ्याच्या घरी जाणारी, बाळंतिणीकडे डबा नेणारी बाई हीच. तिला कुणी कधी स्वयंसेवक म्हटल्याचं मी ऐकलं नाही.

येत्या मे महिन्यात तुमच्या मंडळीत नावांची वही फिरेल. जरूर नाव द्या. फक्त क्रेप कागद कमी न्या, बिस्किटं जास्त न्या, आणि लांडग्याचं उत्तर घरूनच तयार करून जा.