ट्रान्झिट अण्णा

मुलगा परदेशात आहे अशी घरं कर्जतजवळच्या दहिवलीत आता आळीआळीला सापडतात, आणि आळीला एक तरी ट्रान्झिट अण्णा. आमचे अण्णा रेल्वेतून निवृत्त. लेकाकडे न्यू जर्सीला सहा महिने राहून आले. पण तिथलं काही विचारा, "रस्ते चांगले आहेत" एवढ्यावर आटपतात. दोह्याच्या विमानतळाचा विषय मात्र चुकून निघाला, तर चहा गार होईस्तोवर सुटका नाही.

जाताना तिथे सात तास मिळाले होते. तेवढ्या भांडवलावर अण्णा "आम्ही कतारला होतो तेव्हा" अशी सुरुवात करतात. एरवी भाजीच्या पिशव्या घेऊन उल्हास नदीचा पूल पायी ओलांडणारे अण्णा तिथे व्हीलचेअरवर होते. आई-बाबा चुकू नयेत म्हणून लेकानेच तिकिटात तशी सोय केलेली. काकूंनी लाजून नको म्हटलं. त्यामुळे अण्णा पुढे संस्थानिकासारखे, मागे काकू दोन्ही पिशव्या सावरत. ढकलणारा मुलगा गेटपाशी सोडून वळला मात्र, अण्णा टुणकन उठले.

मग ते पिवळं अस्वल. सात मीटर उंच, डोक्यात दिवा खुपसलेला. "कापडाचं वाटतं हो, पण ब्राँझ आहे!" मग टर्मिनलच्या आतच, माणसांच्या डोक्यावरून धावणारी गाडी. तिच्यात अण्णा पुन्हा पुन्हा बसले. "मोटरमन नाही, गार्ड नाही. घाट चढवून दाखव म्हणावं!" कर्जतला मागून ढकलणारं बँकर इंजिन लागल्याशिवाय सहसा गाडी घाट चढत नाही, हे जन्मभर पाहिलेला माणूस दुसरं काय म्हणणार? काचेच्या छताखालची बागही पाहिली. तिथे झाडाखाली एक वाळलं पान नाही, याचं कौतुक की संशय, हे अजून ठरलेलं नाही. कॉफी घेतली नाही. त्या पैशांत कर्जतच्या दिवाडकरांचे वडे आख्ख्या डब्याला पुरले असते, असा हिशोब निघाला. काकूंनी दशम्या सोडल्या.

माझा आपला एक अंदाज आहे. लेकाकडे गाडीशिवाय साधं दुकानही गाठता येत नव्हतं. शनिवार उजाडेपर्यंत खिडकी आणि सुनेचा वायफाय. दोह्यात मात्र अण्णा कुणाला न विचारता, आपल्या पायांनी, वाटेल तिकडे हिंडले.

यंदा लेकाने थेट न्यूअर्कचं विमान पाहिलंय. अण्णा खवळलेत. पंधरा-सोळा तास एका जागी बसणं गुडघ्यांना सोसणार नाही, असं डॉक्टरांकडून लिहून घेण्याच्या खटपटीत ते आहेत. काकूंचं म्हणणं एवढंच, की विमान कुठलंही चालेल, व्हीलचेअर या खेपेला माझी.